उंबरठ्याची राखण

मनुष्याने घर बांधले ते ऊन, वारा आणि पाऊस यांपासून आपले रक्षण व्हावे म्हणून. परंतु घर उभे राहताच इतर जीवांनाही त्याचा आसरा हवासा वाटू लागला. चुलीच्या उबेला मांजर आले, आढ्याच्या सांदीत चिमणीने घरटे केले, आणि धान्याच्या वासावर उंदीर आला. चिमणी दिवसाढवळ्या येते आणि चार दाणे टिपून जाते. उंदीर दिवे मालवल्यावर येतो. जेवढे खातो त्याहून कितीतरी अधिक नासतो, आणि परत जाण्याचे नाव घेत नाही. या पाहुण्याला घालवावे कसे, हा प्रश्न शेतीइतकाच जुना आहे. बहुतेक माणसे त्याचे उत्तर 'मारावे' या एका शब्दात देतात. ते उत्तर अपुरे आहे. उंदराला मारण्याच्या आधी त्याला घरात येऊ न देणे, हा खरा उपाय होय. आणि तो एकट्यादुकट्या घराने करून भागत नाही, साऱ्या वाडीने मिळून करावा लागतो.

ही गोष्ट समजण्यास दाभोळ हे गाव फार चांगले. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात, वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तेथे, तिच्या उत्तर तीरावर हे गाव वसले आहे. आज येथून पलीकडच्या धोपाव्याला माणसे आणि गाड्या फेरीबोटीने जातात. परंतु बहामनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरील एक नामांकित बंदर होते. अरबस्तान आणि इराणकडील गलबते येथे नांगर टाकीत. १५०८ सालच्या अखेरीस पोर्तुगीजांचा अधिकारी आल्मेदा याने हे बंदर लुटून जाळले. तरी पुढेही येथे व्यापार चालत राहिला. बंदरातील जुनी देखणी मशीद त्या वैभवाची साक्ष देत अजून उभी आहे.

जेथे गलबत जाते तेथे उंदीरही जातो. घरांच्या माळ्यांवर वावरणारा काळा उंदीर मूळचा भारतीय द्वीपकल्पातला, असे प्राणिशास्त्रज्ञ मानतात. तो व्यापाऱ्यांच्या जहाजांतून पश्चिमेकडे गेला आणि कालांतराने युरोपात पोचला. त्याने भाडे दिले नाही, की कोणाची परवानगी घेतली नाही. धक्क्याला बांधलेल्या दोरावरून चालत तो जहाजात शिरला आणि दुसऱ्या बंदरात तसाच उतरला. पुढे दर्यावर्दी लोकांनी यावर एक साधी युक्ती काढली. जहाज धक्क्याला लावले, की त्याच्या प्रत्येक दोरात पत्र्याची एक मोठी गोल तबकडी अडकवावयाची. दोरावरून येणारा उंदीर त्या तबकडीपाशी अडतो. आजही मोठ्या जहाजांच्या दोरांवर अशा तबकड्या दिसतात. हजारो पोत्यांच्या खाली लपलेला उंदीर शोधीत बसण्यापेक्षा त्याला दोरावरच अडवणे सोपे, हे खलाशांनी अनुभवाने ओळखले. जहाजाला जो न्याय, तोच घराला.

कोकणातील घराकडे उंदराच्या दृष्टीने पाहिले, तर ते त्याच्यासाठीच बांधले आहे असे वाटेल. चिऱ्याच्या भिंती आणि कौलारू छप्पर यांच्यामध्ये वाऱ्यासाठी मोकळी जागा असते. माळ्यावर नारळ, सुपारी आणि आमसुले ठेवलेली असतात. माजघराच्या कोपऱ्यात भाताची कणगी उभी असते. कोळ्याच्या घरी सुकट, बोंबील आणि जाळी यांची त्यात भर पडते. परसातील गडग्याच्या दगडांत बिळे करण्यास जागा आहे. गोठ्याशेजारी गवताची उडवी आहे. आणि आंब्याची एखादी फांदी थेट कौलांवर टेकलेली आहे. पाऊस सुरू झाला आणि शेतातील बिळांत पाणी भरले, की शेतातले उंदीर कोरड्या जागेच्या शोधात निघतात. त्यांना घर सापडण्यास वेळ लागत नाही.

"एखादा उंदीर असला तर असला! तो बिचारा किती खाणार?" असे म्हणणारी दयाळू माणसे प्रत्येक गावात असतात. त्यांनी थोडा हिशेब मांडून पाहावा. घरातील लहान उंदराच्या मादीला सुमारे तीन आठवड्यांत पिले होतात, एका वेळी पाच-सहा होतात, आणि ती पिले दोन महिन्यांच्या आत स्वतः पिले देण्याजोगी होतात. जूनच्या आरंभी एक जोडी घरात शिरली आणि तिला दर महिन्याला सहा पिले झाली असे धरू. सप्टेंबरअखेर तिचीच चोवीस पिले झाली. त्यांतील पहिल्या सहांच्या तीन जोड्या तोवर वाढल्या आणि प्रत्येकीला सहा पिले झाली, म्हणजे आणखी अठरा. दोघांचे चव्वेचाळीस झाले! सगळी पिले जगत नाहीत हे खरे. परंतु अर्धी जगली तरी घर त्यांचेच होते. मोठा उंदीर दिवसाला सुमारे पंचवीस ग्रॅम अन्न खातो. असे दहा उंदीर पाव किलो धान्य रोज संपवतात. वर्षाचे ते नव्वद किलोंच्या वर जाते. लेंड्यांनी आणि मुताने जे नासते, त्याची गणती यात नाही.

धान्याची हानी भरून काढता येते. परंतु उंदरामुळे होणाऱ्या रोगांत माणूस गेले, तर ती हानी कशानेही भरून निघत नाही. १८९६ सालच्या सप्टेंबरात मुंबईतील मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. मांडवी हा बंदराजवळचा, धान्याच्या वखारींचा भाग. तेथून ती साथ मुंबईभर आणि पुढे देशभर पसरली, आणि पुढील काही दशकांत हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे तिला बळी पडली. पुण्याजवळ प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असताना सावित्रीबाई फुले यांना त्या रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. डॉक्टर हाफकिन यांनी मुंबईत प्लेगवरील लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यांच्या कार्यातून उभी राहिलेली परळची संस्था आज त्यांचेच नाव धारण करते. १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने कराचीत प्रयोग करून दाखवले, की प्लेग एका उंदरापासून दुसऱ्याकडे पोचवणारी मध्यस्थ म्हणजे उंदराच्या अंगावरची पिसू होय.

या शेवटच्या शोधातच एक महत्त्वाचा धडा आहे. उंदीर मेला आणि त्याचे अंग थंड पडले, की पिसू त्याला सोडते आणि दुसरे उबदार अंग शोधू लागते. घरात उंदीर मरून पडला, तर जवळचे उबदार अंग माणसाचेच असते. म्हणजे साथीच्या दिवसांत घरात मेलेला उंदीर हा जिवंत उंदरापेक्षाही धोक्याचा ठरू शकतो. प्लेग आज पूर्वीसारखा राहिलेला नाही, आणि वेळेवर औषध दिल्यास रोगी बरा होतो. परंतु कोकणातील पावसाळ्यात 'लेप्टो' या आटोपशीर नावाने ओळखला जाणारा ताप अजून माणसे दगावण्यास कारण होतो. त्याचे जंतू उंदराच्या आणि इतर जनावरांच्या मुतातून पाण्यात आणि चिखलात मिसळतात, आणि पायाच्या लहानशा जखमेतूनही शरीरात शिरतात. तेव्हा उंदीर घरात शिरू न देणे, हा केवळ टापटिपीचा प्रश्न नव्हे. तो आरोग्याचा प्रश्न आहे.

मग विष घालून मोकळे का होऊ नये? पुष्कळ घरांत हाच मार्ग धरतात, कारण तो सोपा दिसतो. दुकानातून पुडी आणावयाची, पिठाच्या गोळीत मिसळावयाची आणि कोपऱ्यात टाकावयाची. परंतु कोपऱ्यात पडलेली ती गोळी उंदरासाठी आहे, हे रांगणाऱ्या मुलाला कळत नाही. दारातल्या कोंबडीलाही कळत नाही. विष खाल्लेला उंदीर तत्काळ मरतोच असे नाही. तो अर्धमेला होऊन बाहेर पडतो आणि त्याला मांजर किंवा घुबड खाते. ते विष त्यांच्याही पोटात जाते. घुबडाला लोक अशुभ म्हणतात, पण गव्हाणी घुबड रात्रभर उंदरांचीच शिकार करते. धामण हा बिनविषारी सापही उंदरांची शिकार करतो. जो मनुष्य उंदराला विष घालतो आणि धामण दिसताच काठी उगारतो, तो चोराला दम देताना पहारेकऱ्यालाही ठार करीत असतो. शिवाय विषाने उंदीर मेले तरी त्यांची वाट उघडीच राहते. रिकामी जागा आणि उघडी कणगी पाहून महिन्याभरात दुसरे उंदीर येतात, आणि पुन्हा पुडी आणावी लागते.

मांजराविषयीही असेच म्हणावे लागेल. घरात मांजर असावे. त्याच्या वासाने आणि वावराने उंदीर बिचकतो. परंतु मांजर भिंतीच्या आत शिरू शकत नाही, आणि दूधभात खाऊन तृप्त झालेले मांजर रात्री चुलीपाशीच झोपते. सापळ्याचे काम अधिक नेमके आहे. उंदीर भिंतीच्या कडेकडेने चालतो. म्हणून सापळा खोलीच्या मध्ये न ठेवता भिंतीलगत ठेवावा, आणि त्यात खोबऱ्याचा किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा अडकवावा. घरात आधीच शिरलेले उंदीर काढण्यास सापळा योग्य होय. मात्र वाटा बुजविल्याशिवाय सापळा लावणे म्हणजे भोक पडलेल्या होडीतील पाणी ओंजळीने उपसणे. आधी भोक बुजवावे, मग पाणी उपसावे.

वाटा बुजविणे हे काम वाटते तेवढे अवघड नाही; पण त्याला नजर लागते. पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येऊ शकतो, आणि अंगठा जाईल एवढ्या भोकातून मोठा. म्हणून सुट्टीच्या दिवशी हातात पेन्सिल आणि विजेरी घेऊन घराभोवती एक फेरी मारावी. दाराच्या खालची फट, खिडकीची फुटलेली जाळी, न्हाणीघराच्या पाण्याची मोरी, नळ किंवा विजेची तार भिंतीतून जाते ती जागा, जोत्यातील निखळलेला चिरा, सरकलेले कौल, यांपैकी जेथे पेन्सिल शिरेल तेथे खूण करावी. अकरा-बारा वर्षांच्या मुलाची नजर या कामात मोठ्यांच्या नजरेपेक्षा कमी पडत नाही. किंबहुना वाकून पाहणे त्याला अधिक सोपे जाते. बुजविण्याचे काम मोठ्या माणसांनी करावे. उंदराचे दात जन्मभर वाढत राहतात आणि ते झिजविण्यासाठी तो सतत कुरतडतो. म्हणून कापडाच्या बोळ्याने किंवा लाकडाच्या ढलपीने भोक बंद होत नाही. तेथे सिमेंट, पत्रा किंवा बारीक तारेची जाळीच हवी. कोकणातील माणसे नारळाच्या खोडाभोवती पत्र्याचा पट्टा ठोकतात. गुळगुळीत पत्र्यावर उंदराची नखे ठरत नाहीत, आणि तो झाडावर चढू शकत नाही. जे आगरातील झाडासाठी सुचले, ते घरासाठीही सुचावयास हवे.

आत येण्याची वाट बंद केली, तशी येण्याची इच्छाही कमी करावयास हवी. धान्य झाकणाच्या पत्र्याच्या कोठीत ठेवावे आणि कोठी जमिनीपासून थोडी उंच असावी. रात्री खरकटी भांडी तशीच ठेवू नयेत. जनावरांचे उरलेले आंबोण गोठ्यात पसरून राहू देऊ नये. गवताची उडवी आणि सरपण भिंतीला टेकवून रचू नये. कौलांवर आलेली फांदी तोडावी. मासळी साफ केल्यावर राहिलेले अवशेष दारातच टाकू नयेत. यांत खर्च असा थोडाच. खरा खर्च आहे तो रोजच्या लक्षाचा. तो घरातील एकट्या आईने करावा, अशी जेथे समजूत आहे तेथे उंदीर सुखाने राहतात.

गणपतीच्या वाहनाला घराबाहेर घालवावे काय, अशी शंका काही श्रद्धाळू माणसांना येते. कोकणात गणेशचतुर्थीचा उत्सव घरोघर होतो, आणि मूर्तीच्या पायाशी छोटासा उंदीरही असतो. परंतु त्या मूर्तीकडे नीट पाहिले तर तिच्यात शंकेचे उत्तर सापडते. वाहन म्हणजे ताब्यात असलेला प्राणी. गणपतीच्या पायाशी बसलेला उंदीर आपल्या जागी आहे; तो धान्याच्या कोठारात नाही. उंदराचा द्वेष करण्याचे कारणच नाही. शेत, रान आणि बांध ही त्याची घरे. तेथे तो घुबडाचे आणि सापाचे अन्न होऊन सृष्टीच्या व्यवहारात आपला वाटा उचलतो. त्याला घराबाहेर ठेवणारा मनुष्य त्याला मारीत नाही; उलट मारण्याची वेळच येऊ देत नाही. ज्याला जीवहत्या नको आहे, त्याने तर उंबरठ्याची राखण सर्वांत आधी करावी.

येथवर प्रत्येक घराचा विचार झाला. परंतु खरा कठीण प्रश्न पुढेच आहे. एका घराने आपल्या वाटा बंद केल्या, की उंदीर शेजारच्या घरात जातो. ज्याचे घर चिरेबंदी आणि पक्के त्याला हे जमते. ज्याची भिंत मातीची आणि दार कुडाचे, त्याच्या वाट्याला सगळ्यांचे उंदीर येतात. म्हणजे एकाची सुरक्षितता दुसऱ्याचे संकट होऊन बसते. उंदीर घराचा मालक कोण, त्याची जात कोणती, तो मशिदीत जातो की देवळात, हे पाहत नाही. एका फटीतून निघून दुसऱ्या फटीत शिरतो. म्हणून सामाईक गडगा, सामाईक गटार आणि बाजारातला कचरा यांची काळजी सर्वांनी मिळून घेतली पाहिजे, आणि ज्याला आपले दार दुरुस्त करणे झेपत नाही त्याला वाडीने हात दिला पाहिजे. तो उपकार नव्हे. ती साऱ्यांच्याच घराची राखण आहे.

कोकणात याला आणखी एक बाजू आहे. येथील पुष्कळ घरांतील माणसे पोटासाठी मुंबईला गेलेली असतात. ती गणपतीला आणि शिमग्याला येतात, आठ-दहा दिवस घर गजबजते, आणि मग दाराला कुलूप लागते. माळ्यावर थोडे धान्य, पेटीत जुने कपडे, कोपऱ्यात गाद्यांची वळकटी तशीच राहते. माणसांना ते घर बंद असते. उंदरांना ते बारा महिने उघडे असते. बंद घरात काय घडू शकते, हे महाराष्ट्राने एकदा पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात मोठा भूकंप झाला. भयामुळे बीड जिल्ह्यातील काही खेड्यांतही लोक पक्की घरे सोडून बाहेर राहू लागले आणि त्या घरांत धान्य साठलेले राहिले. तेथे उंदीर माजले. पुढच्या वर्षी, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, बीडजवळील मामला या गावी उंदीर मरू लागले, पिसवा वाढल्या, आणि त्यानंतर गाठीच्या प्लेगचे संशयित रोगी आढळले. त्याच सप्टेंबरात सुरतेत प्लेगची साथ आली. पन्नासाहून अधिक माणसे देशात दगावली आणि हजारो लोक घाबरून शहर सोडून गेले. कुलूप चोरासाठी असते. उंदरासाठी ते पुरत नाही. घर बंद करून जाणाऱ्याने धान्याचा कण मागे ठेवू नये, फटी बुजवाव्यात, आणि महिन्यातून एकदा दार उघडून पाहण्यासाठी किल्ली शेजाऱ्याकडे द्यावी. शेजाऱ्यानेही ते काम आपले समजून करावे.

मुलांनी यात काय करावे आणि काय करू नये, हेही स्पष्ट असावे. विषाच्या पुडीला आणि मेलेल्या उंदराला त्यांनी हात लावू नये. दिसताच मोठ्यांना सांगावे. लेंड्या कोरड्या झाडू नयेत, कारण धूळ उडते. त्यांवर जंतुनाशक पाणी शिंपडून मगच त्या पुसाव्यात. पायाला जखम असता साचलेल्या पाण्यातून जाऊ नये. एवढी काळजी घेऊन पाहणीचे काम मात्र त्यांनी अवश्य करावे, आणि आपल्या घराचे झाले की शेजारच्या आजीच्या घराचेही करावे.

जुन्या दाभोळच्या धक्क्याला किती गलबते लागली, याचा हिशेब आज कोणापाशी नाही. त्यांच्या दोरांवरून किती उंदीर चढले आणि उतरले, हे तर कोणीच मोजले नाही. मोठ्या संकटांची वाट पुष्कळदा अशीच एखादा दोर, एखादी फट किंवा न झाकलेली कणगी यांतून जाते. ती लहान असते तोवर पेन्सिलीने सापडते आणि मूठभर सिमेंटने बुजते. तेवढ्यासाठी शौर्य लागत नाही. लागते ते रोजचे लक्ष आणि शेजाऱ्याविषयी थोडी आस्था. ज्या वाडीत या दोन गोष्टी असतात, तेथील कणगीतले भात पुढच्या पेरणीपर्यंत माणसांचेच राहते.